तेल लावलेल्या पोटावरची पट्टी

पंचवटी, नाशिक
८ सप्टेंबर २०२५

आत्या,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. पप्पांच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं. ते नीट झालं.

२. अशा ऑपरेशननंतर आतडी काही दिवस निपचित असतात. ती हलायला लागल्याशिवाय तोंडाने पाणीही देत नाहीत.

३. ती कधी हलतात ते कळावं म्हणून पप्पांच्या बेंबीच्या डावीकडे एक पट्टी लावली होती. तिच्यात बटणाएवढं सोनोग्राफीचं यंत्र असतं. यंत्राला कातडीशी धरून ठेवणारा चिकट थर आमच्या प्रयोगशाळेत तयार होतो. तो मी बनवते.

४. तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेशेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर हालचाल दिसली. मंद, पण स्पष्ट.

५. दुपारी भेटीच्या वेळेत तू पप्पांच्या पोटाला एरंडेल आणि हिंग लावलंस. पट्टीच्या कडेखालीही गेलं.

६. संध्याकाळी पडद्यावरची रेघ सपाट झाली. पोटही थोडं फुगलेलं होतं.

७. डॉक्टरांनी नाकातली नळी पुन्हा घातली, स्कॅनला पाठवलं आणि दुसरं ऑपरेशन लागू शकेल असं सांगितलं.

८. मी पट्टी काढून पाहिली. मागून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "एरंडेल आहे."

९. मम्मी तुला बोलली. सगळ्या वॉर्डासमोर.

१०. तू पिशवी उचलून निघून गेलीस.

११. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पप्पांना वारा सरला. ऑपरेशन टळलं.

अकरावा मुद्दा तू तिथे नसताना घडला, म्हणून हे सगळं लिहून काढलं. फोन तू उचलत नाहीस. दीपकदादाच्या फोनवर केला तर "सोमा बरा हाय ना? बरं" एवढं म्हणून ठेवतेस. दादा टोमॅटोचे क्रेट घेऊन इथल्या मार्केट यार्डात येतो, त्याच्या हाती हे देते आहे. तो म्हणाला, "आईला समदं माहीत हाय. पण ती म्हणते, माझा हातच वाईट. सोमाच्या उंबऱ्याला आता मी पाय लावणार नाय."

हाताबद्दल मला एक तांत्रिक गोष्ट सांगायची आहे. सोनोग्राफी म्हणजे आवाजच असतो, फक्त आपल्याला ऐकू न येणारा. तो आत जातो, आतड्यावर आपटून परत येतो. तेलातून तो नीट जातो. हवेतून जात नाही. तुझ्या तेलाने आवाज अडवला नाही. तेलामुळे पट्टीची कड सुटली, कडेतून हवा शिरली आणि हवेने आवाज अडवला. पप्पांची आतडी त्या वेळीही हलत होती. आम्हाला दिसत नव्हती, इतकंच.

तेव्हा तेलामुळे पट्टी सुटली, हे खरं आहे. ते मी नाकारणार नाही. तुझ्यामुळे पप्पांच्या जिवावर बेतलं, हे खरं नाही. या दोन वाक्यांत फरक आहे. असे फरक करणं हेच माझं काम आहे.

पप्पा घरी आले आहेत. ते ठीक आहेत.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

चैताली

*

पंचवटी
१९ सप्टेंबर २०२५

आत्या,

लिफाफा परत मिळाला. दीपकदादा म्हणाला, "आईनी घेतलाच नाय गं, तसाच ठेव म्हणली."

मी तो ऑफिसातल्या गोंदाने बंद केला होता. परत आला तेव्हा भाताच्या शिताने बंद केलेला होता. एक शीत नीट चुरडलंही नव्हतं. चिकटवण्याच्या बाबतीत मला फसवणं अवघड आहे. तू वाचलंस, हे मला पुरे आहे.

आता एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी पप्पा ठीक आहेत असं लिहिलं. टाक्यांपुरतं ते बरोबर होतं. जखम चांगली भरली आहे. पण डॉक्टरांनी सांगितलंय त्याच्या निम्मंही ते खात नाहीत. गॅलरीत बसतात. खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला की उठून बघतात आणि परत बसतात. मम्मी विचारते, "कोण आलं?" ते म्हणतात, "कोणी नाही, सिलेंडरवाला."

परवा आजोबांचं पित्र घातलं. तू आजवर कधी चुकवलं नव्हतंस. पप्पा पाटावर थोडा वेळच बसू शकले. पुरणपोळी त्यांना अजून चालत नाही, त्यांनी कढी-भाताचे दोन घास घेतले. मग विचारलं, "आक्काचं पान वाढलं का?"

मम्मी उठली. आत गेली आणि पान वाढून आणलं. सगळं वाढलं, तुला लागतो तसा मिरचीचा ठेचासुद्धा. ते पान दुपारभर झाकलेलं होतं. संध्याकाळी मम्मीने तिथेच खाली बसून ते स्वतः खाल्लं. थंड पुरणपोळी तिला आवडत नाही.

दवाखान्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर राहून गेलं. पट्टीला चिकट काय लावलंय म्हणून तू विचारलंस आणि मी म्हणाले, चिंचोक्याचं पीठ आणि आणखी दोन पदार्थ. त्यावर तू म्हणालीस, "म्हंजी घोंगडीला कडक करायला लावत्यात ती खळच की. येवढं शिकून बापाला खळ लावली व्हय गं?" सिस्टर हसल्या. मी पडद्याकडे बघत होते.

उत्तर असं आहे. नेहमीची चिकटपट्टी म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलून काढते. पप्पांच्या हातावर सलाइनच्या जागी तसं झालंय, तू पाहिलं असशील. आमचा थर ओल्या फडक्याने मऊ होतो आणि अलगद निघतो. यंत्र धुऊन पुन्हा वापरता येतं. थर मातीत टाकला तर काही आठवड्यांत मातीतले जीव तो खाऊन टाकतात. दवाखान्यातून रोज किती प्लास्टिक बाहेर पडतं ते तू पाहिलंस तर तुलाही खळ बरी वाटेल.

त्याला सुटायला सोपं केलं, म्हणून तो तेलानेही सुटला. हा त्याचा दोष आहे. मी त्यावर काम करते आहे.

दादा असंही म्हणाला की त्याच्या छोट्याला हल्ली तू तेल लावत नाहीस. त्याची आई लावते आणि तो रडतो.

हे पत्र परत पाठवायचं असेल तर पाठव. शीत चुरडून घे.

चैताली

*

पंचवटी
३० सप्टेंबर २०२५

आत्या,

मागचं पत्र परत आलं नाही. त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

तुला इसाकचाचा आठवत असतील. पप्पांच्या शेजारच्या खाटेवरचे. पित्ताशय काढलं होतं, इथेच नाशकात द्वारकेला त्यांचं गॅरेज आहे. काल पप्पांना तपासायला नेलं तेव्हा तेही आले होते. पप्पा आत गेले आणि चाचा माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुझी फूफी कुठंय? आली नाही?"

मी म्हणाले, आत्या गावी आहे.

"तिला माझा सलाम सांग. माझ्या पोटाला तेल लावायचं राहिलं तिचं."

मी विचारलं की त्या दुपारी ते जागे होते का. ते म्हणाले, "वॉर्डात झोप कोणाला लागते बेटी? सगळं ऐकलं. तिनं तीनदा नाही म्हटलं. पण तुझा बाप ऐकेना."

मग त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. त्यांना आठवलं तसं लिहिते. कुठे चुकलं असेल तर तू दुरुस्त कर.

पप्पा: "आक्का, पोट लई जड झालंय. लाव ना जरा, लहानपणी लावायचीस तसं."

तू: "नाय रे सोमा. सिस्टरनी सांगितलंय, पट्टीला हात लावायचा नाय."

पप्पा: "कोणाची पट्टी हाय ती? आपल्या चैतीची ना? घरची वस्तू हाय. घरच्या वस्तूला काय विचारायचं?"

तू: "ती रागावंल."

पप्पा: "तिला कुठं राग येतो? ती नुसती बघत बसती."

तू: "बघती म्हणूनच भ्या वाटतं."

मग तू पिशवीतून बाटली काढलीस. चाचा म्हणाले, "ताई, त्यांचं झालं की थोडं इकडं पण." आणि तू म्हणालीस, "तुमचं समदं काढून घेतलंय, तुम्ही गप पडा."

सांगताना चाचा इतके हसले की त्यांनी टाक्यांवर हात धरला. मला हसू आलं नाही. मी विचार करत होते की पट्टी दुसऱ्या कोणी बनवलेली असती तर तुम्ही दोघांनी तिला बोटही लावलं नसतं. बाहेरच्या कंपनीची असती तर सिस्टरांचा शब्द तुम्ही देवाचा मानला असता. माझी होती, म्हणून ती आपल्याच घरातली झाली.

घरी आल्यावर मी पप्पांना विचारलं. टीव्ही चालू होता, मी बंद केला.

"तेल तुम्ही मागितलं होतं?"

त्यांनी रिमोट उचलून उलटा ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, नंतर सांगू. मग तू म्हणालीस एरंडेल आहे. मग तुझी मम्मी आक्कावर सुटली. आक्का माझ्याकडं बघत होती. नाकात नळी होती गं."

मी म्हणाले, "नळी असली तरी बोलता येतं."

"येतं," पप्पा म्हणाले.

मम्मी स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं. ती दारात आली, हात पिठाचे.

"तुम्ही लावायला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि आक्का काहीच बोलल्या नाहीत?"

"नाही."

"मी त्यांना काय काय बोलले, ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मी म्हटलं, माझं कुंकू पुसायला आलात. ते ऐकलंत?"

पप्पांनी मान हलवली. मम्मी परत आत गेली. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या. भांडी घासून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "आक्कांना लिहितेस ना? लिही की लोणच्याची बरणी रिकामी झालीय. मला त्यांच्यासारखं जमत नाही."

हे तिचं वाक्य आहे, मी एकही शब्द बदललेला नाही. चोवीस वर्षांत "मला त्यांच्यासारखं जमत नाही" हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी माझं वय अठ्ठावीस धरते आणि सुरुवातीची चार वर्षं आठवत नाहीत म्हणून सोडून देते.

तू का बोलली नाहीस, हे मी विचारत नाही. नाकात नळी घातलेल्या भावाला त्याच्या बायकोसमोर उघडं पाडायचं नव्हतं, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, त्याला पुरावा नाही.

पप्पा तुला फोन करणार होते. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. ते म्हणतात, आक्का फोनवर रडेल. मला वाटतं, त्यांना दुसऱ्याच कोणाच्या रडण्याची भीती आहे.

चैताली

*

पंचवटी
९ ऑक्टोबर २०२५

आत्या,

बरणी पोचली. मम्मीने झाकण उघडून वास घेतला, एक फोड खाल्ली आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली. पाहुण्यांसाठीच्या वस्तू असतात ती फळी. पप्पांना लोणचं अजून चालत नाही. तरी ते म्हणाले, "नुसतं दाखव." मी दाखवलं.

दीपकदादा मात्र तुझा निरोपही घेऊन आला. "आई म्हणली, बरणी दिली म्हंजी मी येईन असं धरू नका. सोमानी मागितलं आसंल, पर लावलं तर मीच ना. हात माझाच."

छोट्याचं त्याने मला वेगळं सांगितलं, तुझा निरोप नव्हता तो. सोमवारी त्याचं पोट दुखत होतं, तो तुझ्याकडे येऊन आडवा झाला आणि तू हात पदराखाली घेऊन बसलीस. त्याची आई डॉक्टरला फोन लावत होती. दादा म्हणाला, "आम्हाला समद्यांना तिच्या हाताची सवय हाय गं. घरात कोणी मेल्यावाणी वाटतं."

तुमच्याकडे द्राक्षांची छाटणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही हे पत्र कामाचं आहे, म्हणून पूर्ण वाच.

आमच्या प्रयोगशाळेत पप्पांच्या प्रसंगावर बैठक झाली. नाव न घेता, पण सगळ्यांना माहीत होतं. बहुतेकांचं म्हणणं पडलं की पट्टीसोबत लाल अक्षरांत सूचना द्यावी: पोटाला तेल किंवा लेप लावू नये. मी विरोध केला. मी म्हणाले, पोट दुखणाऱ्या माणसाजवळ कोणीतरी बसलेलं असतं. त्याला औषध कळत नाही, पडदा कळत नाही. त्याच्याजवळ फक्त हात असतो. लाल अक्षरं त्या हाताला थांबवणार नाहीत. हात येणारच, असं धरून थर बनवायला हवा.

साहेबांनी विचारलं, हे कुठे वाचलंत. मी म्हणाले, वाचलेलं नाही.

आता थर बदलला आहे. सगळ्यात खाली, कातडीला लागतो तिथे, मी अगदी कोरडा पातळ पापुद्रा ठेवला आहे. तो आधी तेल पिऊन घेतो आणि मग चिकटतो. अजूनही तो ओल्या फडक्याने निघतो, मातीतही विरघळतो. प्रयोगशाळेतल्या नकली कातडीवर तो टिकला. मग मी स्वतःच्या पोटावर लावून पाहिला. सिरिंजने तेल मोजून घेतलं, बोटाने सारखं पसरवलं. पट्टी हलली नाही.

माझ्यासोबत काम करणारी सायली बघत होती. ती म्हणाली, "पोटाला तेल लावतेयस की दाराच्या बिजागरीला? असं कोण लावतं?"

तिचं बरोबर होतं. तशी चाचणी खोटी ठरेल. घरात तेल लावतात तेव्हा कोणी मोजत नाही, एकसारखं दाबत नाही, कडेला थांबत नाही. तू कसं लावायचीस ते मी आठवून पाहिलं. सुट्टीत कैऱ्या खाऊन माझं पोट दुखायचं. तू तेल चुलीवर गरम करायची नाहीस, तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचीस. हिंगाचा वास यायचा. माझ्याकडे बघायचीही नाहीस, दीपकदादाला कशावरून तरी ओरडत असायचीस आणि हात आपला फिरत असायचा. तेल किती असायचं, किती जोर असायचा, किती वेळ चालायचं, यातलं मला काहीच सांगता येत नाही. मी झोपून जायचे.

एवढीच माहिती माझ्याकडे आहे. ती कामाला पुरत नाही.

म्हणून विनंती करते. गुरुवार, १६ ऑक्टोबरला सकाळी प्रयोगशाळेत नव्या थराची चाचणी आहे. काही माणसं स्वतःहून पोटावर पट्टी लावून घेणार आहेत. प्रत्येकाला त्याच्या घरातलंच कोणीतरी तेल लावणार, घरी लावतात तसं. पप्पांनी आपलं नाव दिलं आहे. डॉक्टरांनी त्यांना तपासून परवानगी दिली आहे. पट्टी टाक्यांपासून लांब लागेल. त्यांच्या उपचाराचा या चाचणीशी काही संबंध नाही, पट्टी सुटली तरी त्यांचं काही बिघडत नाही. सुटली तर तो थराचा दोष धरला जाईल, हाताचा धरला जाणार नाही. चाचणीच्या नियमांत मी हे वाक्य घालून घेतलं आहे आणि त्यावर साहेबांची सही आहे.

अर्जात "तेल कोण लावणार" अशी जागा आहे. मम्मी म्हणाली, मी लावते. पप्पा म्हणाले, "तू बस. आक्का आली तर मी त्या टेबलावर झोपतो. नाहीतर माझं नाव काढून टाका." मम्मी रागावली नाही. तिने मला सांगितलं की आदल्या दिवशी आक्कांना मुक्कामालाच बोलव, सकाळी दिंडोरीहून यायचं म्हणजे धावपळ होते. तुझी गादी तिने काल उन्हात घातली होती. त्यावरही मी निष्कर्ष काढणार नव्हते, पण हा काढते.

मला तू तिथे हवी आहेस. चाचणीसाठी हवी आहेस हे खरं आहे. ते पूर्ण खरं नाही, हेही लिहून ठेवते.

दीपकदादा मंगळवारी क्रेट घेऊन येतो. मंगळवार, १४ ऑक्टोबरपर्यंत त्याच्याजवळ हो किंवा नाही, एवढं लिहून पाठव.

चैताली